सोलर चार्ज कंट्रोलर तिसऱ्यांदा उडाला, मदत हवी आहे (अर्जंट)

गिरणारेकर, सकाळी ११:५२
नमस्कार मंडळी. गिरणाऱ्याला मळ्यात सोलर आहे. दिवाळीपासून आजपर्यंत तीन चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत मोजून सोडणारा डबा) उडाले. पहिल्याला म्हटलं पीस खराब असेल. दुसऱ्याला दुकानदाराशी भांडलो. काल तिसरा गेला आणि जाताना कॅमेऱ्यांचा कन्व्हर्टर आणि राउटरही घेऊन गेला. दुकानदार म्हणतो पॅनेल जास्त झालेत. अहो, पॅनेल पाच वर्षांपासून तेच आहेत! बॅटरी नवी कोरी आहे, तिचा प्रश्नच नाही. द्राक्षं काढणीला आलीत, रात्री कॅमेरे बंद ठेवून चालणार नाही. कोणता कंट्रोलर घ्यावा तेवढं सांगा, उद्या दुपारपर्यंत घ्यायचाच आहे.

ओहम_पुराण, दुपारी १२:१०
सिस्टिम किती व्होल्टची? पॅनेल किती वॅटचे, सिरीज की पॅरलल? कंट्रोलर पीडब्ल्यूएम (साधा, स्विचसारखा) की एमपीपीटी (व्होल्टेज बदलून देणारा)? बॅटरी कुठली? एवढं न विचारता जो उत्तर देईल तो एकतर ज्योतिषी किंवा दुकानदार.

सिडकोचा_सूर्य, दुपारी १२:३१
दादा, बॅटरीच्या भानगडीत पडूच नका. मी सूर्यघर योजनेत घरावर ३ किलोवॅट बसवलं, ७८,००० रुपये सबसिडी खात्यात आली. बॅटरी नाही, कंट्रोलर नाही, बिल जवळजवळ शून्य.

निफाडी_गारठा, दुपारी १२:४०
@सिडको, ती योजना घरासाठी आहे, मळ्यातल्या शेडसाठी नाही. आणि लाईट गेली की तुमचा ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टरही झोपतो, लाइनवर काम करणारा वायरमन मरू नये म्हणून ती सोयच तशी असते. ह्यांना रात्री कॅमेरे हवेत.

गिरणारेकर, दुपारी १:०५
२४ व्होल्ट. ३३० वॅटचे दोन पॅनेल, पॅरलल. पीडब्ल्यूएम ४० अँपिअर, तिन्ही वेळा तोच. बॅटरी सांगितली ना, नवीन आहे.

ओहम_पुराण, दुपारी १:०९
नवीन म्हणजे कसली?

गिरणारेकर, दुपारी १:२२
लिथियम. २५.६ व्होल्ट, १०० एएच. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास घेतली. आधी दोन ट्युब्युलर (पाण्याच्या लेड बॅटऱ्या) होत्या, त्यांच्यावर साडेचार वर्षं एकच कंट्रोलर चालला, कधी काही झालं नाही. म्हणून तर म्हणतोय, बॅटरीचा संबंध नाही.

ओहम_पुराण, दुपारी १:२४
😄 म्हणूनच बॅटरीचा संबंध आहे. जेवून येतो, मग लिहितो.

जुना_वायरमन, दुपारी १:४८
बाळा, ट्रॅक्टर चालू असताना बॅटरीची वायर कधी काढलीस का? अल्टरनेटर पेटतो. बॅटरी नुसती साठवत नाही, व्होल्टेज धरूनही ठेवते. लेड बॅटरी कितीही भरली तरी तारेला चिकटून असते, फार तर पाणी उकळेल. तुझ्या लिथियमच्या पोटात बीएमएस नावाचं कार्ड आहे. त्याला वाटलं की ते बॅटरी तोडून टाकतं, विचारत नाही. वर ऊन तळपतंय आणि खाली बॅटरी गायब. कंट्रोलर मरणार नाही तर काय? लेडवर परत ये.

निफाडी_गारठा, दुपारी २:०२
काकांचं निदान बरोबर, औषध चूक. कारण थंडी आहे. एलएफपी सेल (ह्या लिथियम बॅटरीतले) शून्याखाली चार्ज करत नाहीत, त्यामुळे बरेच बीएमएस शून्य ते पाच अंशांच्या आसपासच चार्जिंग बंद करतात. आमच्याकडे पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि माझी बॅटरी संपावर जाते. बॅटरीखाली थर्माकोल घाला.

गिरणारेकर, दुपारी २:१५
पण तिन्ही वेळा सकाळी अकरा-बाराच्या सुमारास उडालाय. तेव्हा कुठली आलीये थंडी.

ओहम_पुराण, दुपारी ३:३०
जेवण झालं. आता सविस्तर.

तुमचे पॅनेल ७२ सेलचे. लोड नसताना अशा एका पॅनेलचं व्होल्टेज ४५-४६ असतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरीमधला भराभर चालू-बंद होणारा स्विच. स्विच चालू असताना पॅनेल थेट बॅटरीला जोडलेलं असतं, आणि बॅटरी त्याला २७-२८ व्होल्टवर दाबून ठेवते. भर उन्हात १८ अँपिअर जात असताना बीएमएसने बॅटरी तोडली, तर ते १८ अँपिअर जाणार कुठे? कंट्रोलरने स्विच बंद करेपर्यंत आउटपुटला ४५ व्होल्टपर्यंत चढतं. कॅमेऱ्याला २४ चे १२ करणारं कन्व्हर्टर एलएम२५९६ आयसीचं असेल, तर त्याची मर्यादा ४० व्होल्ट. म्हणून तेही गेलं. एमपीपीटी घेतला तरी तोच धोका, तिथे आतल्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा धक्का देते. म्हणजे "कुठला कंट्रोलर घेऊ" हा प्रश्नच चुकीचा आहे. बॅटरी तुटते का, ते शोधा. कंट्रोलरमध्ये बॅटरी टाइप काय लावलाय?

गिरणारेकर, दुपारी ३:४१
टाइप? डब्यातून काढला आणि लावला. जुन्यालाही कधी हात लावला नव्हता.

सातपूर_बेंच, संध्याकाळी ५:१०
रिपेअरिंग करतो म्हणून सांगतो. असे कंट्रोलर टेबलावर येतात तेव्हा आतला कपॅसिटर फुगलेला आणि मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असतो. बॅटरी टर्मिनलवर १.५केई३६ए हा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेजचा धक्का स्वतः पिणारा) टाका, विषय संपला. वीस-तीस रुपयांची वस्तू.

ओहम_पुराण, संध्याकाळी ५:२५
विषय नाही, डायोड संपेल. तो १५०० वॅटचा, पण एक मिलिसेकंदाच्या धक्क्यापुरता, म्हणजे दीड-दोन ज्यूल. स्विच शॉर्ट होऊन पॅनेल सलग १८ अँपिअर ओतायला लागलं तर ३६ व्होल्टवर साडेसहाशे वॅट झाले. डायोड काही क्षणांत कोळसा.

सातपूर_बेंच, संध्याकाळी ५:३३
कोळसा होतो तोही शॉर्ट होऊनच, आणि पुढचा फ्यूज उडतो. तेवढ्यात माल वाचतो. कागदावरचं गणित वेगळं, बेंचवरचं वेगळं.

ओहम_पुराण, संध्याकाळी ५:४०
उन्हातलं पॅनेल शॉर्ट केलं तरी नेहमीच्या करंटपेक्षा फार जास्त देत नाही. ३० अँपिअरच्या फ्यूजला १८ ने गुदगुल्यासुद्धा होणार नाहीत. टीव्हीएस लावा, मी नाही म्हणत नाही, पण तो शेवटचा रखवालदार आहे. कपॅसिटर लावा म्हणणारेही आता येतीलच, म्हणून आधीच सांगतो: १०,००० मायक्रोफॅरडवर १८ अँपिअर एका मिलिसेकंदात १.८ व्होल्ट चढवतात, दहा मिलिसेकंदांत १८. कंट्रोलर चपळ असेल तरच उपयोग.

जुना_वायरमन, संध्याकाळी ६:०२
म्हणून म्हणतो, १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन छोट्या लेड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून लिथियमला पॅरलल ठेव. लिथियम तुटली तरी तारेवर कुणीतरी असेल.

निफाडी_गारठा, संध्याकाळी ६:२०
आणि लिथियम लो-व्होल्टेजला तुटली तर त्या ७ एएच रात्रभर कॅमेरे ओढणार आणि आठवड्यात मरणार.

ओहम_पुराण, संध्याकाळी ६:२८
काकांची युक्ती चालते, बरेच जण करतात. मध्ये फ्यूज टाका आणि छोट्या बॅटऱ्या वर्षा-दोन वर्षांनी बदलायच्या हे लक्षात ठेवा.

अनामिक७१, संध्याकाळी ७:०५
पॅनेलच्या लाइनीत घरचा ३२ अँपिअरचा एमसीबी टाका. सकाळी पाडायचा, दुपारी चढवायचा.

सातपूर_बेंच, संध्याकाळी ७:०९
घरचा एसीचा एमसीबी पॅनेलवर कधीही टाकू नका. डीसीची ठिणगी विझत नाही, डबा जळतो. डीसीचाच घ्या, प्लस-मायनस बघून लावा.

गिरणारेकर, रात्री ९:४७
मळ्यातून आलो. कंट्रोलरवर "एफएलडी" लिहून येतंय. बॅटरीचं ब्लूटूथ अॅप पहिल्यांदाच उघडलं. सेल ओव्हरव्होल्टेज ४७ वेळा! शेवटची नोंद: सहाव्या सेलला ३.६५, बाकी सात ३.४२ च्या आसपास. आणि भावाने आज सांगितलं, दुसरा कंट्रोलर गेला त्या दिवशी तो भर दुपारी बॅटरीची टर्मिनलं काढून घासत होता. तेव्हा बोलला नाही, मी दुकानदाराशी भांडून आलो.

ओहम_पुराण, रात्री १०:१५
आता कसं! टर्मिनल घासणं म्हणजे हाताने केलेला बीएमएस. काढताना आधी पॅनेल मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी मग पॅनेल. भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

"एफएलडी" म्हणजे पाण्याची लेड बॅटरी. त्यात बूस्ट (जोरात भरण्याचं व्होल्टेज) २९.२, इक्वलाइज (लेडचे सेल सारखे करायला अधूनमधून दिलेलं जादा व्होल्टेज) २९.६ च्या आसपास असतं. तुमच्या आठ सेलची कमाल मर्यादाच ३.६५ गुणिले ८, म्हणजे २९.२. वर थंडी आली की लेडच्या सेटिंगमध्ये टेंपरेचर कॉम्पेन्सेशन व्होल्टेज वाढवतं: दर सेलला दर अंशाला ३ मिलिव्होल्ट, बारा सेल, १० अंशांना २५ पेक्षा अर्धा व्होल्ट जास्त. म्हणजे निफाडकर, थंडीचा हात आहे, पण दुसऱ्या दारातून.

पण खरी मेख सहाव्या सेलमध्ये आहे. सात सेल ३.४२ आणि एक ३.६५, बेरीज करा: २७.६. म्हणजे कंट्रोलर २९ कडे निघालेला असताना, करंट पूर्ण जोरात असताना बीएमएस तोडतोय. ४७ पैकी बहुतेक वेळा करंट कमी असेल किंवा कंट्रोलरने वेळेत स्विच बंद केला असेल, म्हणून वाचलात. नुसतं लिथियमचं नेहमीचं २८.४ लावलंत तरी रोज तुटेल. नवीन कंट्रोलर "यूजर" सेटिंगवाला, म्हणजे व्होल्टेज आपण ठरवू शकतो असा, घ्या. पहिले दोन आठवडे चार्जिंग २७.२ वर ठेवा, इक्वलाइज बंद, कॉम्पेन्सेशन शून्य. बीएमएसमधला बॅलन्सर (सेल सारखे करणारा भाग) ३.४ च्या वर काम करत असेल तर हळूहळू सहाव्याचं जादाचं काढेल, मिलिअँपिअरमध्ये चालतो तो, घाई करू नका. सेल सारखे झाले की २८ पर्यंत न्या. बॅटरी थोडी कमी भरेल, भरू दे. बीएमएस ही आणीबाणीची साखळी आहे, रोज ओढायची नाही.

सातपूर_बेंच, रात्री १०:३१
बीएमएसला चार्ज-बंदचा सिग्नल निघत असेल तर त्यावर पॅनेलच्या बाजूचा डीसी रिले पाडता येतो. बॅटरी तुटायच्या आधी पॅनेल तुटलं पाहिजे. आणि टीव्हीएस लावाच.

सिडकोचा_सूर्य, रात्री १०:५०
एवढं सगळं करण्यापेक्षा…

निफाडी_गारठा, रात्री १०:५१
नको.

गिरणारेकर, १३ दिवसांनी
अपडेट. नवीन कंट्रोलर, २७.२, बाकी सगळं बंद. टीव्हीएस लावला, वाद नको. ४७ चे ४९ झाले ते पहिल्या दोन दिवसांत, नंतर नाही. सहावा सेल आता ३.४६, बाकीचे ३.३९. रिले अजून नाही, आधी माल बाजारात जाऊ दे. दुकानदाराला फोन करून सॉरी म्हटलं, तो म्हणाला चौथा घ्यायला कधी येता.

जुना_वायरमन, त्याच दिवशी
त्या दोन ट्युब्युलर अजून आहेत का रे?

गिरणारेकर
भंगारात घातल्या काका, दिवाळीच्या साफसफाईत.

जुना_वायरमन
घात केलास.