अनुभव धागा: मिडल स्कूलच्या परीक्षा आणि त्या रंगीत पट्ट्या

मोगरा (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात इथे अमेरिकेत मुलीच्या मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) पालकसभा होती. मुख्याध्यापिकांनी राज्याच्या परीक्षेचे निकाल पडद्यावर लावले. आधी शाळेची सरासरी, मग आलेखातल्या गटवार पट्ट्या: एशियन, व्हाइट, हिस्पॅनिक, ब्लॅक, कमी उत्पन्नाच्या घरची मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशनची (शिकण्यात अडचण असलेली) मुलं. एशियन पट्टी सगळ्यांत उंच. मागून कुणीतरी 'वा!' म्हणालं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या हातात त्यांच्या मुलाच्या निकालाचा कागद होता. त्यांनी तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि सभा संपेपर्यंत मान वर केली नाही. ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

अमेरिकेत तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा घ्यावीच लागते आणि निकाल गटवार जाहीर करावे लागतात. याचं मूळ २००२ मध्ये लागू झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यात आहे. २०१५ च्या कायद्याने शाळांवरच्या शिक्षेची कलमं सैल केली, पण गटवार निकाल तसेच ठेवले. तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, पालक आहेत, काही जण याच शाळांत शिकलेत. या पट्ट्यांच्या मागे तुम्हाला काय दिसलं ते लिहाल का? शाळांची आणि मुलांची नावं टाळूया.

सहावीची बाई

मी गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता, घरी फक्त स्पॅनिश. अपूर्णांकांची गणितं तोंडी करायचा, माझं फळ्यावर लिहून व्हायच्या आत. परीक्षेच्या दिवशी त्याने हात वर केला. जवळ गेले तर पडद्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवून हळूच विचारलं, 'मिस, हे काय असतं?' शब्द होता 'ब्लीचर्स'. मैदानाच्या कडेला प्रेक्षकांना बसायच्या पायऱ्या. किती ओळी, एका ओळीत किती माणसं, एवढाच प्रश्न, त्याच्यासाठी अगदी सोपा. पण परीक्षेआधी आम्ही नियमांच्या कागदावर सही केलेली असते. मी म्हटलं, 'तुला जमेल तसं कर.' तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसला आणि मग पुढच्या प्रश्नावर गेला.

नंतर कळलं, आमच्या परीक्षेत गणितातल्या निवडक शब्दांचा अर्थ स्पॅनिशमध्ये बघायची सोय आहे. फक्त ती मुलाच्या नावापुढे सिस्टिममध्ये कुणीतरी आधी चालू करून ठेवावी लागते. त्याच्या नावापुढे ती बंद होती. यादी तपासायची राहून गेली, ती माझ्याकडूनही. आता मी परीक्षेच्या महिनाभर आधी एकेका मुलाची नोंद स्वतः बघते.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाबद्दल अजून एक. जो मुलगा इंग्रजीत तयार होतो तो या गटातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नुकतीच आलेली मुलं येतात. मग ही पट्टी वर जाणार कशी? २०१५ च्या कायद्यात बाहेर पडलेल्या मुलांना पुढची चार वर्षं याच गटात मोजायची मुभा आहे ती यासाठीच. पालकसभेत हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

आकडेवाला

मी एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ऑफिसात निकालांचं काम करतो. सगळ्यांत जास्त गोंधळ एकाच गोष्टीने होतो. उदाहरण म्हणून साधे आकडे घ्या. गेल्या वर्षी १०० मुलं: ८० जणांच्या गटाची सरासरी ६००, २० जणांच्या गटाची ५००. शाळेची सरासरी ५८०. यंदा पहिला गट ६१० वर गेला, दुसरा ५२० वर. दोन्ही गट सुधारले. पण यंदा दोन्ही गटांत ५०-५० मुलं आहेत, म्हणून शाळेची सरासरी ५६५. मथळा येतो, 'शाळा घसरली'. शिक्षक मान खाली घालून बसतात, आणि खरं तर त्या वर्षी त्यांनी जास्त चांगलं शिकवलेलं असतं.

दुसरं म्हणजे छोटे गट. २२ मुलांच्या गटात एक मूल म्हणजे साडेचार टक्के. तीन मुलं त्या दिवशी तापाने फणफणलेली असली तरी पट्टी धाडकन खाली दिसते. म्हणून किती मुलांच्या खालचा गट हिशेबात धरायचा नाही, याचा किमान आकडा प्रत्येक राज्य ठरवतं. हा आकडा मोठा ठेवला की छोटे गट कागदावरून नाहीसेच होतात. माझं स्वतःचं मत, नाहीसे होण्यापेक्षा डळमळीत पट्टी परवडली, फक्त शेजारी मुलांची संख्या लिहा.

आई_मिळून_दोघांची

मोगरा, तुमच्या शेजारच्या बाई मीही असू शकले असते.

माझ्या धाकट्याला डिस्लेक्सिया आहे. पाचवीत तो दुसरीच्या पातळीचं वाचत होता. सहावीच्या अखेरीस चौथीच्या पातळीचं वाचायला लागला. एका वर्षात दोन वर्षांचं अंतर, त्यासाठी त्याने रोज संध्याकाळी काय केलंय ते मी पाहिलंय. एकेका ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत, रडू आलं की तोंड धुऊन परत बसायचा. राज्याच्या निकालात पाचवीत 'लेव्हल एक', म्हणजे सगळ्यांत खालची, सहावीतही 'लेव्हल एक'. खाली बारीक अक्षरात स्केल स्कोअर, म्हणजे गुणांचा आकडा, होता, तो भरपूर वाढला होता. पण आमच्याकडची पट्टी मोजते फक्त पास होण्याची रेषा ओलांडलेल्यांना. त्याची वाढ त्या पट्टीत शून्य.

आमच्याही शाळेत अशी सभा झाली. एक पालक म्हणाले, 'हा एक स्पेशल एज्युकेशनचा गट काढला तर आपली शाळा कितीतरी वर जाईल.' त्यांना माहीत नव्हतं की त्या गटातल्या मुलाची आई दोन खुर्च्या सोडून बसली आहे. मी काहीच बोलले नाही. आजही बोलायला हवं होतं असं वाटतं, म्हणून इथे लिहितेय.

निवांत

मुलगी 'एशियन' पट्टीत. सातवीत तिचं गणित पार कोलमडलं होतं आणि जानेवारीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. कौन्सेलर मनाने चांगल्या, पण त्यांनी आधी 'ती सावरेल' एवढंच म्हटलं. उंच पट्टीतल्या मुलाकडे कुणी वाकून बघत नाही. आणि त्या एका शब्दात किती घरं कोंबलीत! पूर्व आशियापासून भारतीय उपखंडापर्यंत, निर्वासित म्हणून आलेल्यांपासून नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांपर्यंत. चूक माझीही, मीसुद्धा पट्टीवरच विसंबलो होतो.

पहाटपाखरू

मी आता युनिव्हर्सिटीत आहे. आठवीत असताना बाबांची नोकरी गेली होती. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असलं तर शाळेत जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असलं तर सवलतीत. आम्ही मोफतमध्ये बसलो असतो. आईने फॉर्म भरला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. 'कुणाला कळलं तर?' या एका वाक्यापायी तो कधी शाळेत गेलाच नाही. आमच्या शाळेत कमी उत्पन्नाचा गट या फॉर्मवरून ठरायचा. म्हणजे ज्या वर्षी आमच्याकडे सगळ्यांत जास्त तंगी होती, त्या वर्षी मी त्या पट्टीत नव्हतो. परीक्षेच्या सकाळी धाकट्या बहिणीला तिच्या शाळेत सोडून मी धावत पोचलो, पहिला भाग हुकला. नंतर लायब्ररीत एकट्याला बसवून घेतला. माझा कमी स्कोअर 'सधन' मुलांच्या सरासरीत गेला.

निवृत्त_मास्तर

वर सगळ्यांनी पट्ट्यांची दुखणी लिहिली, ती खरीच आहेत. पण २००२ च्या आधी मी ज्या शाळेत शिकवलं तिथे एकच आकडा छापून यायचा, शाळेची सरासरी. सरासरी झकास. आणि मागच्या बाकावरची तीच ती मुलं वर्षानुवर्षं वाचता न येता आठवी पार करायची. कुणी विचारत नव्हतं, कारण ती कुठल्या आकड्यात दिसतच नव्हती. गटवार निकाल आले तेव्हा पहिल्यांदा आमच्या स्टाफरूममध्ये त्या मुलांची नावं घेऊन बोलणं झालं. पट्ट्या नकोत असं म्हणू नका.

मात्र मीही एक पाप केलंय. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं पास झाली पाहिजेत असं त्या कायद्याचं लक्ष्य होतं. आम्हाला याद्या दिल्या जायच्या. रेषेच्या थोडं खाली असलेली मुलं पिवळ्या मार्करने रंगवलेली. जादा तास त्यांना. खूप खाली असलेल्यांना काही नाही, कारण ती यंदा रेषा ओलांडणार नव्हती. एका मुलीने विचारलं होतं, 'सर, मला का नाही बोलावलं?' मी म्हटलं, 'पुढच्या वेळी.' पुढची वेळ आली नाही.

मोगरा (धागाकर्ती)

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. मी मुख्याध्यापिकांना मेल केली आहे: पुढच्या सभेत प्रत्येक पट्टीशेजारी मुलांची संख्या, आणि त्याच मुलांचा गेल्या वर्षीपासूनचा स्केल स्कोअरमधला फरक दाखवाल का? 'बघते' असं उत्तर आलंय. पाठपुरावा करेन. @आई_मिळून_दोघांची, सभेला मी तुमच्यासारख्या कुणाच्या तरी शेजारी बसेन.

सहावीची बाई, त्या मुलाचं पुढे काय झालं?

सहावीची बाई

आता आठवीत आहे. गणितात अजून रेषेच्या किंचित खालीच, पण अंतर निम्मं झालंय. गेल्या महिन्यात त्याला इंग्रजीच्या गटातून बाहेर काढल्याचं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवायचं म्हणून शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात बसून वहीत स्पॅनिशमध्ये उतरवून घेत होता. 'रीक्लासिफाइड' या शब्दाशी अडला, बोट ठेवून विचारलं, 'मिस, हे काय असतं?' मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं.