एसटीआयच्या (लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांच्या) तपासण्या: पुणे-पिंपरीत कमी खर्चात कुठे?

चाकणकर_२९
नमस्कार मंडळी. या विषयासाठी वेगळा आयडी काढलाय, समजून घ्या. मूळ लातूरचा, नोकरी चाकणला, राहायला मोशीत. वर्षभराचं नातं फेब्रुवारीत संपलं. आता जूनमध्ये तिचा मेसेज आला, की तिला क्लॅमिडिया (संबंधांतून होणारा एक संसर्ग) निघालाय, तूही तपासून घे. मला काहीच त्रास नाही. जळजळ नाही, पू नाही, फोड नाहीत. फेब्रुवारीनंतर कुणाशी संबंधही नाही. घरच्यांनी मुली बघायला सुरुवात केलीये, त्याआधी हे निस्तरायचंय.

पुणे-पिंपरीत असल्या संसर्गाचं प्रमाण किती आहे? नेटवर अमेरिकेतल्या प्रत्येक काउंटीचा आकडा सापडतो, आपला नाही. दुसरं, एका लॅबच्या ॲपवर 'फुल एसटीडी पॅकेज' बघितलं तर महिन्याचं घरभाडं निघेल एवढी किंमत. स्वस्तात कुठे होईल? आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर गेलो तर एचआरला कळेल का?

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जायचं नाही. ते वहिनीच्या माहेरचे आहेत.

झुणकाभाकर
वहिनीच्या माहेरचे डॉक्टर, हाहा! बाकी माहिती नाही, पण धागा वर राहू दे म्हणून प्रतिसाद.

पॅथवाला
लॅबमध्ये काम करतो, म्हणून आकड्यांचं आधी सांगतो. पुण्याचा असा आकडा मिळणार नाही, कारण तो मोजलाच जात नाही. सरकारी दवाखान्यात लक्षणं बघून उपचार देतात: स्राव आहे का, व्रण आहे का, ओटीपोटात दुखतंय का. नोंदही तशीच होते. जंतू कुठला, याची तपासणी बहुतेक वेळा होत नाही. तुझ्यासारखा काहीच त्रास नसलेला माणूस या हिशेबात येतच नाही, आणि क्लॅमिडियाचे बहुतेक लोक तुझ्यासारखेच असतात. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, कित्येक वर्षं 'प्रौढांपैकी सुमारे ६ टक्के' असं सांगत आली आहे, पण ते देशाचं नि सगळे प्रजनन मार्गाचे संसर्ग धरून.

नीट अंदाज आहे तो फक्त एचआयव्हीचा. २०२१च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, पैकी महाराष्ट्रात ३.९४ लाख, म्हणजे राज्यांमध्ये सर्वांत जास्त. पण आपलं राज्यच अवाढव्य. लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर मिझोराम, नागालँड, मणिपूर कितीतरी पुढे आहेत.

आणि खरं सांगू का, तुला आकड्याचा उपयोगच नाही. पुण्यात शंभरात एकाला असो की दहांना, तुझ्या जोडीदाराला निघालाय. तुझ्यापुरता प्रश्न तिथेच संपला.

पॅकेज घेऊ नकोस. त्यात नागिणीच्या भावंडाची, म्हणजे हर्पिसची आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं बघणारी तपासणी) घुसडलेली असते. काही त्रास नसताना ती पॉझिटिव्ह आली की माणूस उगाच झोप घालवून बसतो. तुला लागतं ते एवढंच: लघवीची क्लॅमिडिया-गनोरिया (परमा) पीसीआर (थेट जंतू शोधणारी तपासणी), एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची) आणि हिपॅटायटिस बी. शेवटच्या तीन सरकारीत होतात. पीसीआर खासगीत सुटी मागायची, ॲपवर न दिसली तर फोन करून. लघवी पहिल्या धारेची द्यायची आणि आधी निदान तासभर लघवीला जायचं नाही. बाकीच्या लघवी तपासणीत मधली धार मागतात, त्यामुळे निम्मे लोक इथे चुकतात.

केसपेपर
मी दुसऱ्या जिल्ह्यात एका सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) अकरा वर्षं समुपदेशक होते. तुझी जागेची शंका आधी.

ससूनला जायचं असेल तर 'त्वचा व गुप्तरोग' ओपीडी विचार. पाटीवरचा 'गुप्तरोग' वाचून लोक अर्ध्या वाटेतून परत फिरतात, पण त्याच रांगेत गजकर्णवाले नि पिंपल्सवाले असतात, कोण कशाला आलंय ते कुणाला कळत नाही. तुला मोशीहून वायसीएम (पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय) जवळ पडेल. औंधचं जिल्हा रुग्णालयही आहे. ते आरोग्य खात्याचं, त्यामुळे १५ ऑगस्ट २०२३पासून तिथे केसपेपरलाही पैसे नाहीत. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि वायसीएम पालिकेकडे, तिथे थोडंफार शुल्क पडतं. पण आयसीटीसीतली एचआयव्ही तपासणी कुठल्याही सरकारी रुग्णालयात फुकटच.

तिथे दोन शब्द लक्षात ठेव: 'आयसीटीसी' आणि 'सुरक्षा क्लिनिक' (सरकारी एसटीआय दवाखाना). नुसतं "रक्त तपासायचंय" म्हणालास तर दिवसभर खिडक्या फिरशील. तपासणीआधी समुपदेशक बोलतात, ते टाळू नकोस. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तर त्याच नमुन्यावर आणखी दोन वेगळ्या चाचण्या होतात, तिन्ही तशाच आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. तुझे शेवटच्या संबंधानंतर तीन महिने उलटलेत, त्यामुळे निगेटिव्ह आली तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नोकरीचं: मेडिक्लेममध्ये ओपीडीच्या तपासण्या सहसा बसतच नाहीत, रोख भर आणि मोकळा हो. एचआयव्हीपुरता तर २०१७चा कायदाच आहे, २०१८च्या सप्टेंबरपासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, परस्पर कुणाला सांगणं नाही, आणि नोकरी देताना एचआयव्ही तपासणीची अटही घालता येत नाही. शंका असेल तर १०९७ लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात.

भोरचा_भिडू
लाज सोडून लिहितो. सहा वर्षांपूर्वी मला परमा झाला होता. स्टँडजवळच्या भिंतीवरचा 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' वाचून एकाकडे गेलो. त्याने नाडी बघून 'धातू पातळ' सांगितलं आणि दोन महिन्यांत सतरा हजारांच्या पुड्या गळ्यात मारल्या. पू तसाच. शेवटी ससूनला गेलो, तिथल्या मॅडमनी पाच मिनिटांत करड्या रंगाचं पाकीट हातात ठेवलं. दोन औषधं, एकदाच घ्यायची, औषधाचे पैसे शून्य. नंतर कळलं की अशी सात रंगांची पाकिटं असतात, तक्रार बघून रंग ठरतो. सतरा हजार आठवले की अजून पोटात दुखतं.

सावली
बायकांचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून. वर्षभर अंगावरून पांढरं जात होतं. दर वेळी बुरशीचं औषध मिळायचं, पंधरा दिवस बरं, की पुन्हा तेच. नवऱ्याला तपासायला एकदाही कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी नमुना पाठवला तेव्हा क्लॅमिडिया निघाला, मग दोघांनाही गोळ्या. तोवर नळ्यांना सूज होती. बायकांना बहुतेक वेळा काही जाणवत नाही आणि मूल राहत नाही म्हणून तपासायला गेल्यावर पत्ता लागतो. त्यामुळे, चाकणकर, त्या मुलीने तुम्हाला कळवलं हे फार केलं.

अविवाहित मुलींना आमच्या भागात पहिला प्रश्न 'मिस की मिसेस?' आणि मग चष्म्यावरून एक नजर. ते नको असेल तर एफपीए इंडियाची, म्हणजे कुटुंब नियोजन संघटनेची पुण्यात शाखा आहे. मी गेले होते तेव्हा शुल्क परवडणारं होतं आणि लग्नाचं कुणी विचारलं नाही.

लोकल_४_१७
मुंबईकरांसाठी जोड: सांताक्रूझला हमसफर ट्रस्ट. मुलांशी संबंध ठेवणाऱ्या मुलांना तिथे काहीच समजावून सांगावं लागत नाही. लघवी निगेटिव्ह आली म्हणजे घसा आणि गुदद्वारही निगेटिव्ह असं नसतं, तिथले नमुने वेगळे द्यावे लागतात. हे मला पहिल्या दोन लॅबमध्ये कुणी बोललं नव्हतं.

विचारतोच
मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन घेऊन टाकलं तर? एवढी धावपळ कशाला.

पॅथवाला
@विचारतोच, नको. गनोरिया सोबत असेल तर अर्धवट दबतो आणि पुढच्या तपासणीत सापडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन असंच मुरमुऱ्यासारखं खाऊन आपण त्या रोगापुरतं निकामी केलंय.

केसपेपर
आणि ज्यांचा असुरक्षित संबंध कालपरवाचा आहे त्यांनी हा धागा वाचत बसू नये. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा आणि पेप (एचआयव्हीची लागण टाळण्याचं औषध) मागा. २८ दिवसांचं औषध असतं. जितका उशीर, तितका उपयोग कमी.

चाकणकर_२९
अपडेट देतो म्हणालो नव्हतो, पण तुमचं देणं लागतो. शनिवारी सुट्टी टाकून वायसीएमला गेलो. आयसीटीसी सापडायला वीस मिनिटं लागली. समुपदेशक ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भुवईसुद्धा वर गेली नाही. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल नॉन रिॲक्टिव्ह. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, लशीचा पहिला डोस घेतला, पुढचे एक आणि सहा महिन्यांनी. लघवीची पीसीआर खासगीत सुटी केली, पॅकेजच्या निम्म्याहून कमी पैसे. क्लॅमिडिया पॉझिटिव्ह.

डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलंय, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. तिलाही कळवलं. तिने नुसता अंगठा पाठवला.

पॅथवाला
छान. गोळी भरपूर पाण्याबरोबर घे आणि लगेच आडवा होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिका जाळते. दुधाबरोबर नको. त्या आठवड्यात दुपारच्या उन्हात क्रिकेट नको, कातडी भाजते. तीन महिन्यांनी पुन्हा लघवी दे. पहिल्या धारेची!