गाठीच्या नमुन्यातून निरोगी आतड्याचेच ऑर्गनॉइड वाढत आहेत का, हे कसे ओळखावे?

प्रश्न: कालिनाकर
नमस्कार. मी मुंबईतील एका विद्यापीठात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींपासून ऑर्गनॉइड (प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या, अवयवासारख्या सूक्ष्म रचना) तयार करते. शस्त्रक्रियेनंतर, रुग्णाच्या लेखी संमतीने, गाठीचा एक तुकडा आणि गाठीपासून दूरच्या निरोगी अस्तराचा एक तुकडा बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे येतो. गेल्या पाच रुग्णांपैकी दोघांच्या गाठीच्या प्लेटमध्ये तिसऱ्या पॅसेजनंतर (पेशी विभागून पुन्हा लावण्याच्या फेरीनंतर) पातळ भिंतीचे, आतून पोकळ गोळे दिसू लागले असून ते निरोगी प्लेटमधल्या गोळ्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. एसटीआर तपासणी (नमुना कोणत्या व्यक्तीचा आहे हे सांगणारी डीएनए चाचणी) दोन्ही वेळा त्या त्या रुग्णाशी जुळली. औषधांची चाचणी सुरू करण्याआधी हे ऑर्गनॉइड गाठीचेच आहेत, याची खात्री कशी करावी? हा तुकडा पुन्हा मिळणार नाही, म्हणून मला घाई करायची नाही.

उत्तर १: जुना पिपेट
चाचणी थांबवली हे उत्तम केलेत. गाठ आणि अस्तर दोन्ही एकाच माणसाचे असल्यामुळे एसटीआर जुळणारच. त्यातून नमुन्यांची अदलाबदल झाली नाही एवढेच कळते. दिसण्यावरही विसंबू नका, कारण गाठीचे काही ऑर्गनॉइडसुद्धा पातळ भिंतीचे आणि पोकळ असतात.

खरा फरक मीडियात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावात, दिसतो. 2009 मध्ये सातो, क्लेव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्यातील एलजीआर5 ही खूण असलेल्या एकाच मूलपेशीपासून क्रिप्ट (अस्तरातील खोलगट ग्रंथी) आणि रसांकुर असलेली रचना वाढवली, तेव्हा ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पॉन्डिन हे तीन घटक पुरेसे ठरले. माणसाच्या मोठ्या आतड्यासाठी त्यांच्या जोडीला बाहेरून डब्ल्यूएनटी हे वाढीचा संदेश देणारे प्रथिनही द्यावे लागते. निरोगी मूलपेशीला हा संदेश मिळाला नाही तर ती टिकत नाही. मोठ्या आतड्याच्या बहुतेक गाठींमध्ये मात्र एपीसी जनुक बिघडलेले असल्याने तो मार्ग आतूनच सतत चालू राहतो. म्हणून काही वेल (प्लेटमधील खळगे) डब्ल्यूएनटी आणि आर-स्पॉन्डिन वगळून लावा आणि दोन पॅसेज वाट पाहा. सगळा नमुना मात्र असा लावू नका, कारण आरएनएफ43 जनुक बिघडलेल्या किंवा आर-स्पॉन्डिन जनुकांची जोडणी झालेल्या गाठींना डब्ल्यूएनटी लागते आणि त्या गाठी तुमच्या हातून विनाकारण मरतील. पी53 हे पेशींची वाढ रोखणारे जनुक बिघडलेले असल्याचे आधीच ठाऊक असेल, तर नटलिन-3 हे पी53 सक्रिय करणारे रसायन घातल्यावर निरोगी पेशींची वाढ थांबते आणि गाठीच्या पेशी वाढत राहतात. शेवटचा निर्णय जनुकक्रमावर करा: मूळ गाठीतील बदल ऑर्गनॉइडमध्ये सापडले पाहिजेत.

उत्तर २: स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजी विभागात काम करते. तुकडा गाठीच्या कडेवरून कापला गेला असेल, तर त्यात निरोगी ग्रंथी येतातच. तुकड्याचे दोन भाग करून एक पॅराफिनमध्ये बसवा आणि त्याची स्लाइड आधी पाहून घ्या. आमच्याकडे एका नमुन्याच्या स्लाइडवर गाठीचा एकही ठिपका नव्हता आणि तोपर्यंत प्रयोगशाळेत त्याच नमुन्याचा चौथा पॅसेज चालू होता. ते सहा आठवडे वाया गेल्याचे मला अजून वाईट वाटते.

उत्तर ३: जुना पिपेट
स्लाइडचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. आणखी एक गोष्ट सांगतो. मॅट्रिजेल, म्हणजे ऑर्गनॉइड ज्यात वाढवतात ते जेल, साधारण 10 अंश सेल्सिअसच्या वर घट्ट होऊ लागते, त्यामुळे पिपेटच्या टिपाही आधी गार करून ठेवा; खोलीच्या उन्हाळी तापमानात थेंब टिपेतच जमू लागतो, प्लेटवरचा त्याचा डोम (घुमटासारखा थेंब) कडेने सैल बसतो आणि मीडिया बदलताना निम्मे ऑर्गनॉइड वाहून जातात. मग जे उरतात तेच वाढतात आणि संपूर्ण नमुना तसाच होता, असा आपला समज होतो.

प्रश्नकर्ती: कालिनाकर
मनापासून आभार. दोन्ही रुग्णांच्या दुसऱ्या पॅसेजच्या गोठवलेल्या कुप्या शिल्लक आहेत. सोमवारी एकेक कुपी काढून निम्मे वेल पूर्ण मीडियात आणि निम्मे डब्ल्यूएनटी, आर-स्पॉन्डिन वगळून लावते. मूळ तुकड्यांच्या स्लाइड रुग्णालयाकडून मागवते. 2018 च्या एका अभ्यासात पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या ऑर्गनॉइडवर निष्प्रभ ठरलेले एकही औषध रुग्णाला लागू पडले नव्हते आणि प्रभावी ठरलेल्यांपैकी 88 टक्के औषधे रुग्णांनाही लागू पडली होती. आमच्या निकालांवर उद्या कोणी असाच भरवसा ठेवणार असेल, तर प्लेटमध्ये गाठच असायला हवी. जनुकक्रमाचा निकाल आला की येथेच कळवते.