सीताफळ: फुलात दोन्ही केसर, तरी फळ का नाही?

फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असूनही सीताफळाचं फूल फळ न धरता गळून का पडतं, या प्रश्नाबद्दल. दोन्ही असतात, पण एका वेळी कामाला येत नाहीत. पाकळ्या जेमतेम विलगल्या की मधल्या शंकूच्या टोकावरच्या कुक्षी (स्त्रीकेसरांची पराग धरणारी टोकं) ओलसर, चिकट असतात. ही मादी अवस्था. पुढे पाकळ्या पूर्ण फाकतात, खालचे पुंकेसर सुटे होऊन पराग झडतात, तोवर कुक्षी वाळलेल्या असतात. म्हणून पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात जावे लागतात. ही ने-आण बारीक भुंगेरे करतात, म्हणून बहरात कीटकनाशक फवारू नयेच.

हे परागीकरण हाताने करायचं तर पहाटे फाकलेली फुलं कोरड्या डबीत झटकून पराग घ्या आणि त्याच सकाळी वापरा, ते टिकत नाहीत. मऊ ब्रशने अर्धवट मिटलेल्या फुलाच्या पाकळ्या हळूच बाजूला करून शंकूभोवती सगळीकडून फिरवा. एकाच बाजूला लावलंत तर फळ वाकडं होतं, कारण प्रत्येक डोळा म्हणजे स्वतंत्र स्त्रीकेसर. फलन न झालेला डोळा फुगत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कुक्षी लवकर सुकतात, तेव्हा फळधारणा कमीच राहणार.