मदत हवी आहे : खाऱ्या हवेत महाग हत्यारं घ्यावीत की स्वस्तातला बॉक्स?

नमस्कार मंडळी,

मी हर्णै-आंजर्ले पट्ट्यात राहते. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खारा वारा बारा महिने घरात. पडवीला लागून जांभ्याच्या भिंतींची, पत्रा घातलेली एक खोली आहे. जुनी मारुती, स्प्लेंडर, ग्रास कटर आणि विहिरीवरचा पंप, या सगळ्यांची बारीकसारीक दुरुस्ती मी तिथेच करते. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेक लायनर, फूट व्हॉल्व्ह वगैरे. मेकॅनिक दापोलीहून बोलवावा लागतो आणि आगोटीच्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नसते. निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी होती. तेव्हापासून ठरवलं की निदान रोजच्या गरजेचं काम आपल्या हातात हवं.

आता पावसाआधी हत्यारं नव्याने घ्यायची आहेत. बजेट बारा हजारांपर्यंत. आत्तापर्यंत बाजारातून आणलेला एक बिननावाचा बॉक्स वापरत होते. त्याने काय केलं ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. मारुतीच्या पुढच्या चाकाचा ब्रेक कॅलिपर काढायचा होता. बोल्ट गंजलेला, पण डोकं शाबूत होतं. ब्रशने घासून, तेल सोडून रात्रभर ठेवला. सकाळी गोटी (सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी टोपी) बसवून जोर दिला, तर गोटी कचकन फिरली. काढून बघते तर बोल्टच्या सहाही कोपऱ्यांवर चकचकीत चट्टे आणि गोटीच्या आत लोखंडाचा चुरा. दुसऱ्या प्रयत्नात डोकं पार गोल. शेवटी त्यावर नट वेल्डिंग करून बोल्ट काढावा लागला. त्याच बॉक्समधल्या डी पान्यांची (उघड्या तोंडाच्या पान्यांची) तोंडंही फाकली आहेत.

म्हणून चांगलीच हत्यारं घ्यावीत असं वाटतं. पण इथे सगळे म्हणतात, ‘दर्याच्या काठाला महाग वस्तू कशाला? पावसाळा सरला की तिलाही गंजच.’ यात तथ्यही आहे, कारण नातेवाइकांकडच्या चांगल्या कंपनीच्या पान्यावरही क्रोम फुगून पापुद्रे सुटलेले मी पाहिलेत.

माझे प्रश्न असे. खाऱ्या हवेत महाग हत्यार खरोखर जास्त टिकतं का? सगळंच चांगलं घेणं परवडणार नाही, तर पैसा कुठे घालावा आणि कुठे हात आखडता घ्यावा? बाजारात मिळणारे ते १०८ नगांचे तयार बॉक्स घेण्यात काही अर्थ आहे का? आणि टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते सांगणारा पाना, घरच्या कामाला लागतो का?

जे स्वतः हाताने काम करतात आणि किनाऱ्यावर राहतात त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

प्रतिसाद (रत्नागिरी)

ताई, माझं गॅरेज आहे म्हणून लिहितो. गंज आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंज दोन्हींना चढतो. पण चांगला पाना क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा असतो, त्यावर वरवर गंज आला तरी आतलं पोलाद आणि तोंडाचं माप तसंच राहतं. स्वस्तातला पाना मुळात नरम असतो, तो गंजायच्या आधीच फाकतो. तुमच्या बोल्टचं तेच झालं.

आणखी एक. गोटीच्या आत बघा, बारा कोन आहेत की सहा. बारा कोनांची गोटी बोल्टच्या कोपऱ्यांवर जोर देते, सहा कोनांची सपाट बाजू धरते. किनाऱ्यावर बोल्ट आधीच गंजून बारीक झालेले असतात, त्यामुळे इथे सहा कोनीच घ्या. १०८ नगांच्या बॉक्समधलं अर्ध्याहून जास्त सामान बिट आणि ॲडॅप्टर असतं, ते तसंच पडून राहतं. तुमच्या गाड्यांना ८, १०, १२, १४, १७, १९ मिलिमीटरची मापं लागतील. मारुतीची मूळ घडण सुझुकीची आणि स्प्लेंडरची होंडाची, म्हणजे दोन्ही जपानी, म्हणून १२ आणि १४ हवेतच. या मापांचे रिंग-डी पाने (एक तोंड बंद, एक उघडं), सहा कोनी गोट्या आणि एक चांगलं रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा) एवढ्यावर पैसा लावा. टपारियाचे पाने माझ्याकडे रोज वापरात आहेत. कारखाना नाशिकचा आहे आणि सुटा पाना हरवला तर दापोलीच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळून जाईल. घरच्या कामाला परदेशी महाग ब्रँडची गरज नाही.

स्प्लेंडरचे स्टार स्क्रू निघताना डोकं खातात का? जपानी घडणीच्या स्क्रूची खाच साध्या स्टारपेक्षा थोडी वेगळी असते, साधा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही आणि वर उचलला जातो. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा एक ड्रायव्हर घेऊन ठेवा. हातोडी, छिन्नी, तेलाची कुपी, फनेल, वायर ब्रश हे स्वस्तातलं चालतं.

आणि जॅकवर गाडी उचलून खाली जाऊ नका. उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवतात त्या जॅक स्टँडची जोडी घ्या, त्यावर लिहिलेली क्षमता बघूनच. जांभ्याच्या किंवा मातीच्या जमिनीवर स्टँडचे पाय रुततात, खाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट हवी. इथे पैसे वाचवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद (हर्णै)

मी बोटींच्या इंजिनांचं काम करतो. मासेमारी बंदीच्या काळात, जून-जुलैत, बोटी वर ओढल्या की आमचं काम वाढतं, आणि हत्यारं सर्वांत जास्त तेव्हाच गंजतात.

लोक पान्याला तेल लावतात आणि समजतात झालं. पण पान्यावर आधी मीठ बसलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे तेलाखाली मीठ तसंच राहतं आणि गंज आतून चालू. आधी गोड्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मग तेलाचा हात फिरवा. आम्ही साधं इंजिन ऑइल कापडाला लावून पुसतो. खोबरेल वापरू नका, काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

क्रोमचा पापुद्रा सुटलेला पाना टाकायची गरज नसते, पण पापुद्रा ब्लेडसारखा कापतो. तो घासून काढा आणि पाना तेलात ठेवा. हत्यारं भिंतीवर खिळ्याला लटकवणं दिसायला छान, पण किनाऱ्यावर झाकणाची पेटीच बरी. खताची गोणी आणि गाडीची बॅटरी त्याच खोलीत असेल तर आधी ती बाहेर काढा. युरियाच्या गोणीशेजारी ठेवलेली माझी पेटी एका पावसात लाल झाली होती.

बोल्ट परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा. ॲल्युमिनियमच्या भागात लोखंडी बोल्ट असेल तर खाऱ्या हवेत लोखंडाच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, बोल्ट जाम होतो आणि पुढच्या वेळी तुटूनच येतो.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. युरियाची गोणी खरंच त्याच खोलीत आहे, आजच हलवते. आता असं ठरवतेय : पाने, गोट्या आणि रॅचेट चांगल्या कंपनीचे, जॅक स्टँड चांगले, बाकी हातोडी-छिन्नी साधी. ड्रिल मशीन मात्र यंदा घेत नाही, कारण वीज गेली की ते पडूनच राहणार आणि बॅटरीवालं बजेटमध्ये बसत नाही. ग्राइंडर शेजाऱ्यांकडे आहे.

टॉर्क रेंचचं तेवढं राहिलं. चाकाचे नट मी अंदाजाने आवळते. ते कितपत बरोबर?

प्रतिसाद (रत्नागिरी)

ताई, अंदाजाने बहुतेक वेळा जास्तच आवळले जातात, आणि मग रस्त्यात पंक्चर झालं की नट निघत नाहीत. छोट्या मारुतीला साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर (आवळायच्या जोराचं माप) लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. त्यासाठी अर्धा इंची (गोटी बसते त्या चौकोनाचं माप), ४० ते २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच पुरतो. मात्र त्याच रेंचने स्प्लेंडरचे बारीक बोल्ट आवळू नका. इतक्या खालच्या आकड्यांना तो नीट काम देत नाही, आणि इंजिनच्या ॲल्युमिनियममधल्या आट्या गेल्या तर खर्च मोठा.

या हत्यारात स्वस्त आणि महाग यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, कारण दोन्ही ‘टक्’ करतात. प्रश्न तो टक् कोणत्या आकड्याला होतो हा आहे. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे क्लिक रेंचमध्ये ४ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, आणि १२ महिने किंवा ५००० वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा तो तपासून घ्यावा असं त्यात आहे. सोबत तपासणीचं प्रमाणपत्र असेल तोच घ्या, सेकंड हँड तर नकोच. काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवा, स्प्रिंगवर ताण राहू देऊ नका. घट्ट बसलेला नट सोडवायला तो कधीच वापरायचा नाही, त्यासाठी लांब दांड्याचा साधा पाना.

बारा हजारांत पाने, गोट्या आणि स्टँड घेऊन उरलं तर घ्या. नाही उरलं तर पुढच्या वर्षी घ्या आणि तोवर नट गाडीबरोबर आलेल्या पान्याने, पाय न देता, फक्त हाताच्या जोराने आवळा. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा.