जर्मन हॉस्पिटलच्या कागदात ‘अँगिना’ लिहिलंय, इंग्लिशमध्ये काय लिहू?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, ओळखीतले एक काका मुलीकडे म्युनिकला गेले होते, तिथे रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं, सकाळी सोडलं. आता ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या क्लेमसाठी ते कागद इंग्लिशमध्ये हवेत आणि काम माझ्याकडे आलंय. डायग्नोसिसमध्ये आधी अँगिना, मग क्राइसलाउफकोलाप्स, आणि ईसीजीपुढे नुसतं ‘ओ.बे.’ ट्रान्सलेशनच्या मशीनवर टाकलं तर अँगिना आणि सर्क्युलेटरी कोलॅप्स असं आलं, हे वाचून कुणीही म्हणेल की हार्टचा जुना पेशंट, पॉलिसी घेताना लपवलं. पण औषध पेनिसिलिन दिलंय! माझं जर्मनचं बी२ लेव्हल झालंय पण मेडिकलचा गंध नाही, प्लीज सांगा.

स्टुटगार्टकर_नर्स:
अगं घसा आहे तो. इकडे नुसतं अँगिना म्हटलं की टॉन्सिल्स सुजलेत असाच अर्थ, हार्टचं असेल तर अँगिना पेक्टोरिस असं पूर्ण लिहितात. तू अक्यूट टॉन्सिलायटिस लिही. क्राइसलाउफकोलाप्स म्हणजे बहुतेक वेळा बीपी उतरलं, डोळ्यापुढे अंधारी आली आणि माणूस खाली बसला एवढंच, इंग्लिशमध्ये सर्क्युलेटरी कोलॅप्स म्हटलं की शॉक, आयसीयू असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. तरी बीपी आणि पल्सचे आकडे बघून घे, कारण खऱ्या शॉकलाही कधीकधी हाच शब्द वापरतात. ओ.बे. म्हणजे ‘ओने बेफुंड’, तपासलं आणि काही वावगं सापडलं नाही. विदाउट फाइंडिंग्ज लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल रिपोर्टच नाही, सरळ नॉर्मल लिही.

कोथरूडचा_अनुवादक:
नर्सताईंचं बरोबर आहे, पण अंदाजावर जाऊ नका, डायग्नोसिसच्या बाजूला आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड असतो तो बघा. जे ०३ म्हणजे टॉन्सिलायटिस, आय २० म्हणजे अँगिना पेक्टोरिस, आर ५५ म्हणजे चक्कर येऊन पडणं, आर ५७ म्हणजे शॉक. आणि अ‍ॅडमिट न करता ट्रीटमेंट दिली असेल तर जर्मनीत कोडच्या शेवटी एक अक्षर जोडतात. जी म्हणजे पक्कं, व्ही म्हणजे संशय, झेड म्हणजे पूर्वी होऊन गेलं आता त्रास नाही, ए म्हणजे तपासून नाकारलं. हे ए गाळलं ना तर जो आजार नाही म्हणून डॉक्टरनी लिहून दिलं तोच आजार पेशंटच्या नावावर चढतो, माझ्या मते अख्ख्या कागदात सगळ्यात जास्त जपायचं अक्षर हेच.
शब्द ओळखीचा दिसला की जास्त घाबरायचं. बर्लिनमध्ये २००६-०७ मध्ये ४७ पेशंटना गुडघ्याचे सांधे सिमेंटशिवाय बसवले गेले, पाकिटावर इंग्लिशमध्ये ‘नॉन-मॉड्युलर सिमेंटेड’ होतं ते सिमेंट नको असं वाचलं गेलं. काहींना परत टेबलावर घ्यावं लागलं. तिथे इंग्लिशचं जर्मन करताना झालं, पण दुखणं तेच.

निळीशाई:
थँक्यू दोघांनाही!! बघितलं, जे ०३.९ पुढे जी, आर ५५ पुढे जी, आणि खाली आय २०.९ पुढे ए आहे, मी ते सही वगैरे समजत होते. म्हणजे हार्टचं नाही हे त्यांनीच लिहून दिलंय. अजून एक, वर ‘अंबुलांट’ लिहिलंय त्याचं मशीनने अ‍ॅम्ब्युलेटरी केलंय.

क्लेमडेस्क_नाशिक:
अंबुलांट म्हणजे ओपीडी, अ‍ॅडमिट असेल तर ‘श्टाट्सिओनेर’ येतं. क्लेममध्ये हे दोन वेगळ्या खात्यात जातात म्हणून आउटपेशंट असंच लिहा. मूळ जर्मन शब्द कंसात राहू द्या आणि मूळ कागदाची कॉपी जोडा, आमच्याकडे डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. आणि पेनिसिलिनपुढे १,५ मेगा असेल तर तो स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश पॉइंट, दीड मिलियन युनिट, पंधरा नाही.