मदत हवी आहे: ईबेच्या लिलावात नफा काढताना सेल्स टॅक्सचा दर किती धरायचा?

मंडळी, अमेरिकेतल्या ईबेवर जुन्या कॅमेरा लेन्स लिलावाने विकण्यासाठी एक्सेल शीट बनवतोय. ईबेची फी फक्त बोलीवर लागत नाही; बोली, ग्राहकाकडून घेतलेलं शिपिंग आणि ग्राहकाचा सेल्स टॅक्स (त्याच्या राज्यानुसार बदलणारा विक्रीकर) या सगळ्या बेरजेवर लागते. टॅक्स आपल्या हातात येतच नाही, तरी त्यावर फी जाते. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

उदाहरण: बोली ४० डॉलर, शिपिंग ८, न्यू जर्सीचा टॅक्स ६.६२५ टक्के म्हणजे ३.१८. एकूण ५१.१८. फीचा दर १३.६ टक्के धरला तर ६.९६, वर दर ऑर्डरला ४० सेंट. टॅक्स आणि फी वजा जाता हाती ४०.६४. खरेदी २२, प्रत्यक्ष टपाल ९.२०, खोका आणि बबल रॅप १.१० वजा जाता नफा ८.३४. हाच ग्राहक ओरेगॉनचा असेल तर टॅक्स शून्य, नफा ८.७७.

ना नफा ना तोटा बोलीसाठी हे सूत्र वापरतोय:

(एकूण खर्च, म्हणजे खरेदी, टपाल आणि पॅकिंग + ०.४०) ÷ (१ − ०.१३६ × (१ + टॅक्स दर)) − शिपिंग

६.६२५ टक्क्यांना ३०.२५ येते, १० टक्क्यांना ३०.४५. ग्राहक कुठला हे आधी कळत नाही, म्हणून सरसकट १० टक्के धरणं मला सुरक्षित वाटतं. तुम्ही किती धरता?

आणखी एक अडलंय. एकाच ग्राहकाने तीन लेन्स एकत्र घेतल्या तर ४० सेंट एकदाच जातात, टपालही एकच. हा खर्च वस्तूंवर वजनाने वाटायचा की किमतीने? टपाल वजनाने आणि ४० सेंट समान, असं सध्या केलंय. यात चूक दिसली तर नक्की सांगा.